पहिला वळीव आणि तापलेली चिनी माती

मे संपता संपता संभाजीनगरच्या सिडको-हडकोवर पहिला वळीव कोसळतो आणि पाच-दहा मिनिटांत लाइट जाते. चार थेंबांनी एवढी मोठी यंत्रणा का कोलमडावी, असं प्रत्येकालाच वाटतं. उत्तर त्या चार थेंबांतच आहे. खांबावरची तार आणि तिला धरणारा लोखंडी आडवा बार यांच्यामध्ये चिनी मातीचा इन्सुलेटर असतो. इथल्या चाळिशीपलीकडच्या उन्हात तो उन्हाळाभर तापतो, त्यावर धूळ बसते. गार पाणी पडलं की एखाद्याला बारीक तडा जातो, धूळही भिजते. अकरा हजार व्होल्टला तेवढी वाट पुरते. वीज इन्सुलेटर ओलांडून लोखंडात आणि तिथून जमिनीत उतरते.

यानंतर जे घडतं, ते मला दरवेळी थक्क करतं. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे एका आवर्तनाला सेकंदाचा पन्नासावा भाग. बिघाड होताच प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. उपकेंद्रातला रिले ते ओळखतो, ब्रेकरला इशारा देतो, आणि बिघाड मोठा असेल तर मोजक्या आवर्तनांत अख्खा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेली ती लाइन, बंद होतो. तार वितळण्याआधी, डीपी म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर पेटण्याआधी. आपण ज्याला ‘लाइट गेली’ म्हणतो, ते बहुतेक वेळा यंत्रणेने स्वतःला वेळेवर तोडून घेतलेलं असतं.

समोरच्या घरात दिवे आणि आपल्याकडे अंधार, हेही होतंच. डीपीवर अकरा हजारांचे चारशेच्या आसपास व्होल्ट होतात आणि वीज तीन फेजमधून गल्लीत उतरते. घरं या तिन्हींवर वाटलेली असतात. एकाच फेजचा फ्यूज उडाला, तर त्या फेजवरचीच घरं अंधारात जातात.

आता शोध. ऑपरेटर थोडं थांबून फीडर पुन्हा चालू करून पाहतो. फांदी नुसती घासून गेली असेल तर तो टिकतो. पुन्हा ट्रिप झाला, की बिघाड पक्का. मग लाइनमन वाटेतला एबी स्विच उघडून लाइनचे दोन तुकडे करतात. पहिला तुकडा टिकला, तर दोष पुढच्यात. असं निम्मं-निम्मं करत, बॅटरीच्या उजेडात खांबामागून खांब पाहत, तो तडकलेला इन्सुलेटर सापडतो. तार जमिनीखाली असेल, तर केबलमध्ये विजेचा स्पंद सोडतात. तो दोषापाशी आपटून परत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर कळतं. रस्ता न उकरता, खालची तार कुठे फुटली हे वरून सांगता येतं!

खांबावर चढण्याआधी परमिट घेतात, लाइन बंद करतात आणि तरीही तिला अर्थिंग करतात, म्हणजे जमिनीला जोडतात. कारण डीपी दोन्ही दिशांनी काम करते. कुणाच्या घरचा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल, तर त्याचे 230 व्होल्ट डीपीतून उलटे चढून वर अकरा हजार होऊ शकतात. बंद लाइनवर जीव जातो तो असा. म्हणून जोडणी नीट करून घेणं ही आपलीही जबाबदारी आहे.

वीज परत आली तरी सगळे फीडर एकदम सोडत नाहीत. थांबलेले फ्रिज, मोटारी, एसी एकाच क्षणी प्रवाह ओढू लागले तर उपकेंद्राचा मुख्य पुरवठाच पुन्हा ट्रिप होऊ शकतो. त्यामुळे एकेक करून सोडतात.

आपल्या शहरात मात्र वीज येऊनही गोष्ट संपत नाही, कारण पाणीही विजेवरच येतं. मलिक अंबरची नहर उतारावरून वाहत यायची, तिला विजेची गरज नव्हती. आजचं पाणी पैठणच्या नाथसागर जलाशयातून पंपांनी शंभर मीटरहून जास्त उंच चढवून आणावं लागतं. तिकडचे पंप थोडा वेळ थांबले, तरी लांबलचक जलवाहिनी पुन्हा दाबाने भरायला आणि जलकुंभात पाणी चढायला तास जातात. म्हणूनच पैठणकडे वीज गेली, की गुलमंडीत नळाला पाणी येण्याचा वार पुढे सरकतो.