दाबायचं नाही, सुटू द्यायचं

सांगलीत क्रिकेटपटू स्मृती मानधनाबद्दल कुणालाही विचारा, माधवनगरच्या घरापासून डावखुऱ्या कव्हर ड्राइव्हपर्यंत सगळं सांगतील. साताऱ्याची अदिती स्वामी 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये कंपाऊंड तिरंदाजीची जगज्जेती झाली, अवघ्या सतराव्या वर्षी. वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय तिरंदाज. साताऱ्याला तिचा अभिमान आहेच. पण तिने नेमकं काय केलं हे सांगताना माणसं अडखळतात. कव्हर ड्राइव्ह टपरीवर चहा पिता पिता पाहिला तरी कळतो. तिरंदाजीत बघण्यासारखं फारसं काही हलतच नाही.

साताऱ्यात सराव करणाऱ्या मुलींच्या मागे उभं राहून पाहिलं. 50 मीटरवर टार्गेट. दहा गुणांचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. एका मुलीने बाण दोरीला लावला, रिलीजचा, म्हणजे दोरी सोडायच्या हातातल्या उपकरणाचा, हुक दोरीच्या लूपमध्ये अडकवला आणि ओढायला लागली. मध्यावर चेहरा आवळला. सगळा जोर तिथेच लागतो. मग धनुष्याच्या टोकांची चाकं, म्हणजे कॅम, पुरती फिरतात आणि ताण एकदम उतरतो, पाऊण हिस्सा तरी. आता दोरीतल्या पीपच्या बारीक भोकातून स्कोपचं, म्हणजे नेम धरायचं, भिंग बघायचं, लेव्हलचा बुडबुडा मध्ये आणायचा. भिंगातला ठिपका टार्गेटच्या पिवळ्यात तरंगत राहतो. तो स्थिर असा होतच नाही. नवख्या पोरी इथेच फसतात: ठिपका दहावर आला की रिलीजचं बटण अंगठ्याने झटकन दाबतात आणि बाण जातो सातात.

“दाबू नकोस गं. पाठ ओढ, सुटायचा तेव्हा सुटेल,” सर म्हणाले.

अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि पाठीच्या जोरावर खेचत राहायचं. बाण सुटला हे ओढणारीलाही सुटल्यावरच कळायला हवं. मी तिच्या पाठीकडे बघत होतो. टी-शर्टवर एक सुरकुती पडली, बस्स. नऊ. पोरगी स्वतःवरच चरफडली.

बर्लिनच्या अंतिम फेरीत अदितीने मेक्सिकोच्या अँड्रिया बेसेराविरुद्ध 15 बाणांत 150 पैकी 149 गुण घेतले. चौदा वेळा दहा, एकदाच नऊ, आणि दर बाणाला फक्त 20 सेकंद. आकडा वर्तमानपत्रात वाचला होता. तो केवढा आहे ते या चरफडणाऱ्या पोरीमुळे कळलं.

कंपाऊंडचा चांगला संच लाखांत जातो. कुंपणाशी उभ्या पालकांत बोलणं असतं ते त्याचंच. “ऑलिंपिकला असतं का हो हे?” एका आईने सरांना विचारलं. कंपाऊंड आजवर नव्हतं. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा येतंय, तेही फक्त मिश्र सांघिक: देशाची एक मुलगी, एक मुलगा.

“एकच मुलगी?” बाईंनी क्षणभर स्वतःच्या लेकीकडे पाहिलं. “मग ती जागा आपल्या अदितीलाच द्या म्हणावं.”