‘सोड’ म्हणण्याआधी

मार्चमधली दुपार, मोरजीचा किनारा. जमीन तापल्यावर सुटलेला खारा वारा आता वायव्येकडून सलग वाहतोय. घोटाभर पाण्यात मी 12 चौरस मीटरची काईट आडवी धरून उभा आहे. हवा भरलेली तिची पुढची नळी टिचकीसरशी टणटण वाजते. चोवीसेक मीटर दोऱ्यांच्या पलीकडे, वाळूवर, पुण्याची एक मुलगी कमरेला हार्नेस बांधून उभी आहे. काईटसर्फिंग शिकतेय. काईट मुद्दाम समुद्राच्या बाजूला ठेवलीय. चुकून जोरात ओढलं गेलंच, तर पाण्यात पडलेलं बरं. मागे शॅकचे खांब आणि सुरूची झाडं आहेत.

तिचा प्रशिक्षक, वेंगुर्ल्याचा मुलगा, चारही दोऱ्या बोटांच्या फटींत धरून माझ्यापर्यंत चालत येतो. मधल्या दोन ओढ घेतात, कडेच्या दोन दिशा देतात. त्यांची अदलाबदल झाली, तर काईट सुटताक्षणी बेफाम होते.

“लाल बाजू डाव्या हाताला?” तो ओरडून विचारतो.

“हो दादा!”

“आता रिलीज. न बघता.”

ती मान वर ठेवूनच पोटाजवळची लाल मूठ पुढे ढकलते. खटकन लूप सुटतो. तो पुन्हा अडकवून ती तेच आणखी एकदा करते. काईटची ओढ तोडणाऱ्या अशा रिलीजसाठी 2020 पासून आयएसओचं मानक आहे. पण वेळ आली की हात आपोआप तिथे जावा लागतो.

वाऱ्याखाली एक कुटुंब फोटो काढतंय. दोऱ्यांच्या दुप्पट, म्हणजे पन्नासेक मीटर तरी जागा मोकळी हवी. विनंती केल्यावर ती मंडळी हसत लांब जातात.

काईटची मागची कड फडफडतेय. मुलगी वाऱ्याच्या उलट दिशेने तीन-चार पावलं सरकते, तशी फडफड थांबते आणि कापड ताणलं जातं. तिचा अंगठा वर होतो.

मी मान हलवतो. खालच्या टोकाला कडेच्या दोरीचा वेढा पडलाय. तिला तो तिथून दिसणं शक्यच नाही. प्रशिक्षक धावत येतो, वेढा काढतो, टोक चाचपून बघतो. काईट धरणाऱ्याने नको म्हटलं की काईट सुटत नाही; मग उडवणारा कितीही मुरलेला असो.

पुन्हा अंगठा. या वेळी मीही अंगठा दाखवतो आणि हात नुसते उघडतो. काईट वर भिरकवायची नसते. ती सळसळत चढू लागते.

“डोक्यावर नको, समुद्राकडेच ठेव! चल, पाण्यात!”

डोक्यावर काईट असताना झोत आला, तर तो माणसाला सरळ उचलतो. ती काईट समुद्राच्या बाजूला तिरपी ठेवून भराभर चालते. कमरेइतक्या पाण्यात पोचते.

मी किनाऱ्यावरच थांबतो. परतताना ती डोक्यावर हात थोपटून खूण करेल, तेव्हा काईट धरायला कुणीतरी हवंच.