पिकू देऊ नये असा मोतीबिंदू

मोतीबिंदू म्हटले की आपल्या नजरेसमोर म्हातारे माणूस येते आणि त्याला दिलेला जुना सल्ला आठवतो : "अजून कच्चा आहे, पिकू द्या, मग काढू." आज म्हाताऱ्या माणसालाही तितके थांबावे लागत नाही. पण हाच सल्ला जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाला लागू केला, तर त्याचे जन्माचे नुकसान होते. किन्हवली, शहापूर, मुरबाडसारख्या भागात असे नुकसान अज्ञानाने होते तसेच गरिबीनेही होते. तेव्हा दोन्हींचा विचार केला पाहिजे.

डोळ्याच्या काळ्या बाहुलीमागे मसुरासारखे दोन्ही अंगांनी फुगीर, पारदर्शक भिंग असते. ते गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू साठ वर्षे पाहण्यात मुरलेला असतो. भिंग बदलले की काम भागते. बाळाचे तसे नाही. डोळा चित्र पाठवतो, पण ते ओळखायला मेंदूला शिकावे लागते, आणि हे शिक्षण पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने चालते. ह्युबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६०नंतरच्या काही वर्षांत मांजराच्या पिलांची एका डोळ्याची पापणी शिवून ठेवली. पुढे ती उघडली तेव्हा डोळा शाबूत होता, पण मेंदूने त्याची दखल घेणे जवळजवळ सोडले होते. दृष्टीवरील संशोधनाबद्दल त्या दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून दाट मोतीबिंदू एका डोळ्यात असेल तर साधारण सहा आठवड्यांच्या आत, आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर सुमारे आठ आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, असे नेत्रतज्ज्ञ मानतात. ठिपका लहान असेल तर नुसती देखरेखही पुरते. पण ते ठरवायचे डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी नव्हे.

बारशाला नाक कोणाच्या वळणावर गेले याची चर्चा होते. त्याच वेळी बाळाची बाहुली काळी आहे की पांढुरकी, हेही पाहावे. दोन-तीन महिन्यांचे मूल आईच्या तोंडाकडे टक लावत नसेल, डोळे सारखे थरथरत असतील किंवा तिरळे दिसत असतील, तर दाखवण्यात एक दिवसही घालवू नये. पांढऱ्या बाहुलीमागे क्वचित डोळ्याचा कर्करोगही असतो. तेथे प्रश्न जिवाचा होतो.

असे मूल जन्मले की पहिला बोल आईला लागतो : ग्रहण पाळले नसेल, काही चिरले असेल. यात तथ्य नाही. काही घराण्यांत हा दोष वंशपरंपरेने येतो, तो बापाकडूनही येतो. काही वेळा शरीरातील रासायनिक बिघाड असतो; पुष्कळदा कारण सापडतच नाही. गरोदरपणी आईला झालेला रुबेला हे एक कारण ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिले. त्यावर लस आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली, आणि ही लस बालकांच्या नेहमीच्या लसीकरणात आहे. ती चुकवू नये.

आता शस्त्रक्रियेविषयी. बाळाला पूर्ण भूल देऊन गढूळ भिंग काढतात. डोळा अजून वाढायचा असल्यामुळे तान्ह्या बाळाला कृत्रिम भिंग बहुधा लगेच बसवत नाहीत. जाड चष्मा किंवा डोळ्यात बसणारे काचभिंग देतात. एकाच डोळ्याचा दोष असेल तर चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकतात, म्हणजे आळशी डोळ्याला कामाला लागावे लागते. बाळ पट्टी ओढते, रडते. तरी ती चिकाटीने लावावी लागते. पुढे डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होण्याची भीती असते, म्हणून तपासणी वर्षानुवर्षे चालते. तात्पर्य, शस्त्रक्रिया हा उपचाराचा शेवट नव्हे, आरंभ आहे.

आणि येथेच गरिबाची गाडी अडते. किन्हवलीहून एस.टी.ने शहापूर, आसनगावहून लोकलने भायखळा, तेथून जे.जे. रुग्णालय, एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कुटुंब पावसाळ्याच्या तोंडाशी परतते, तोवर तपासणीच्या तारखा उलटतात आणि चष्मा फुटलेला असतो. अशा आईबापांना बेजबाबदार म्हणणे सोपे आहे; त्यांचा खाडा भरून काढणे अवघड आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, सुरू झाला. जन्मजात मोतीबिंदू त्याच्या यादीत आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडे मूल दाखवावे, पुढील उपचाराची चिठ्ठी मागावी, आणि भट्टीवर जाताना कागद बरोबर न्यावेत. ज्या कामगाराचा राज्य विमा कापला जातो, त्याच्या मुलांचाही त्या उपचारावर हक्क आहे. मालकाची मेहरबानी समजून तो सोडू नये.

ज्यांना उशीर झाला, त्यांनीही आशा सोडू नये. पवन सिन्हा यांनी दिल्लीतील डॉ. श्रॉफ नेत्र रुग्णालयाच्या साहाय्याने चालवलेल्या 'प्रकाश' प्रकल्पात आठ-दहा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलांवरही शस्त्रक्रिया झाल्या. नजर पूर्ण तीक्ष्ण झाली नाही, पण पुष्कळांना उपयोगी पडेल इतके दिसू लागले. अर्थात वेळेवर केलेल्या उपचाराची सर त्याला नाही.

तेव्हा वस्तीत असे मूल असेल तर त्याच्या आईला दोष देण्याऐवजी तिच्याबरोबर रुग्णालयात जाणारे एक माणूस द्यावे. तिच्या गैरहजेरीत घरची पोरे कोणी सांभाळावीत, गाडीभाडे कोणी घालावे, हे वस्तीने ठरवावे. आठ आठवडे झपाट्याने सरतात. एकट्या आईने ते गाठावेत, ही अपेक्षा अन्यायाची आहे.