बाहेरचं प्लास्टर घेताय? रेटआधी पाण्याचं बोला

जळगाव-धुळ्याकडं प्लास्टरची कामं स्वतःच्या नावावर घ्यायचा विचार करताय? मग चौरस फुटाचा रेट सांगण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारा: "पाणी कोण मारणार?"

हसू नका. मी कामं घ्यायचो तेव्हा पहिल्याच कामात हे विचारलं नव्हतं. ऐन मे महिना, पश्चिमेची भिंत. मालकाला वाटलं पाणी मी मारणार, मला वाटलं मालक. आठवड्यात भिंतीवर जाळ्यासारख्या भेगा! फोडून पुन्हा करून दिलं. नफा तर गेलाच, वर पदरचे पैसे गेले.

आपल्याकडं जास्त मागणी सँड फेसला. पहिला थर १२ ते १५ मिलीमीटर, एकास चार माल. तो खरबरीत ठेवायचा. त्याला पाणी पाजून झालं की चाळलेल्या वाळूचा ६ ते ८ मिलीमीटरचा दुसरा थर आणि स्पंजनं फिनिश. रफ कास्टमध्ये बारीक खडी मिसळलेला माल थापीनं भिंतीवर फेकतात. उणंदुणं झाकलं जातं, पण धूळ धरतो. तयार टेक्श्चरमध्ये मार्जिन बरं, पण खालचं प्लास्टर पूर्ण वाळलेलं हवं. आणि जुन्या वाड्याचं काम आलं तर थांबा. माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की आतली ओल अडकते, पोपडे सुटतात. तिथं चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा.

आता हिशोब. २० मिलीमीटर जाडीला १०० चौरस फुटामागं साधारण दीड ते पावणेदोन गोण्या सिमेंट आणि आठ-नऊ घनफूट वाळू धरा. काँक्रीटला टाचे मारणं, कॉलम-बीम आणि विटांच्या सांध्यावर चिकन जाळी, परांची... हे सगळं रेटमध्ये आलं का? नवीन पोरं नेमकं हेच विसरतात.

उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत सकाळी घ्या, पूर्वेची दुपारनंतर. आधी भिंत भिजवा. माल एका वेळी तासाभरात संपेल एवढाच कालवा. सुकलेल्या मालात पाणी घालून पुन्हा वापरू नका. नंतर किमान ७ दिवस, कडक उन्हात १० दिवस, दिवसातून तीन-चार वेळा पाणी.

म्हणजे एका माणसाची दहा दिवसांची हजेरी, कदाचित टँकरही. कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाका: "क्युरिंग: पाणी मालकाचं, माणूस आमचा." आणि त्याखाली मालकाची सही घ्या.