जुन्या अँबॅसिडरला हेडर बसवताना

गोंदियाहून दरेकसाच्या चढाला लागलेली जुनी अँबॅसिडर धापा टाकू लागली, की कोणीतरी सांगतो, "साहेब, हेडर टाका." हेडर म्हणजे ओतीव मॅनिफोल्डऐवजी धुरासाठी सुट्या नळ्या. पण वाचकहो, घ्यायचे कोणते?

हिच्या १४८९ सी.सी. पेट्रोल इंजिनात सिलिंडर चार, धुराची तोंडे मात्र तीनच. मधले तोंड दुसऱ्या-तिसऱ्याचे सामाईक. तेव्हा हेडर तीन नळ्यांचेच हवे. इंजिन १-३-४-२ या क्रमाने पेटते. पहिल्या-चौथ्याच्या पाळ्या लांब पडतात. म्हणून त्या दोन नळ्या आधी जुळाव्या, मधली लांब नळी पुढे मिळावी. नळी फार रुंद नको. धुराचा वेग मंदावतो आणि नेमकी चढावरच ओढ कमी होते.

बसवताना हवेचा आणि धुराचा, दोन्ही मॅनिफोल्ड काही ठिकाणी एकाच वॉशरखाली दाबले जातात. पट्ट्यांची जाडी सारखी नसेल, तर एक घट्ट बसतो, दुसरा सैल राहतो. गॅस्केट नवे घाला. इंजिन तापून निवल्यावर नट पुन्हा आवळा.

कारण गळत्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. काचा लावून बसलेल्या मुलाबाळांना तो कळायचाही नाही. ताकद थोडी कमी मिळाली तरी चालेल, सांधा मात्र पक्का हवा.