शीरखुर्म्याशेजारी बिनदुधाचं पातेलं

ईदच्या दिवशी आपल्या घरात दूध किती लागतं याचा हिशेब एकदा करून पाहा. शीरखुर्म्यातला ‘शीर’ म्हणजे फारसीत दूधच. त्याशिवाय बिर्याणीच्या गोश्ताला दही, केशर भिजवायला दूध, कुर्म्यात साय, फिरनी, पराठ्याला तूप आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा. चांद रातीला आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांखेरीज काही मावत नाही. नगर जिल्हा दुधाचाच. संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीगोंदा, कुठेही जा, पहाटे डेअरीच्या दारात कॅनची रांग असते. पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी २०१७ च्या जूनमध्ये संप केला, तेव्हा रस्त्यावर ओतलेल्या दुधाची चित्रं सगळ्या राज्याने पाहिली. तेव्हा आम्ही दुधाविरुद्ध काही लिहितो आहोत असं कृपा करून समजू नका. आमच्या माहेरी आजही दोन म्हशी आहेत.

पण मांस न खाणारा आणि दूधही न चालणारा पाहुणा ईदला घरी आला, तर त्याच्यापुढे ठेवायचं काय? खजूर आणि सरबत? आमच्यावर ही वेळ आली, आणि आम्ही ती फार वाईट निभावली.

गोष्ट २०२४ च्या रमजान ईदची, म्हणजे ११ एप्रिलची. आम्ही म्हणजे सासूबाई आणि आम्ही दोघी जावा. समोरच्या घरातल्या काकू माळकरी. त्यांचं माहेर श्रीगोंद्याचं, शेख महंमद महाराजांच्या गावचं. मुसलमान घरात जन्मून वारकऱ्यांना आपले वाटलेले हे संत. त्यामुळे आमच्याकडे यायला काकूंना कधी अवघड वाटलं नाही. वीस वर्षं त्या दर ईदला येतात, कोरड्या शेवया साखर घालून खातात, सासूबाईंशी दहा मिनिटं बोलतात आणि जातात. त्या वर्षी सोबत पुण्याची सून आणि सहा वर्षांचा नातूही होता. आम्हाला भारी उत्साह. वेगळ्या पातेल्यात भाज्यांचा कुर्मा केला होता. “काकू, हे पूर्ण शाकाहारी आहे हं,” असं अभिमानाने सांगून पोराच्या ताटलीत दोन डाव वाढले.

दहा मिनिटांत पोराचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या. सून घाबरून ओरडली, “यात दूध आहे का?” त्यावर आमच्यातली एक म्हणाली, “नाही हो, दूध नाही. दोन चमचे साय आहे नुसती.”

हे वाक्य आम्ही अजून विसरलो नाही. पोराला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. अल्लाहच्या कृपेने निभावलं. काकूंनी एक शब्दही वावगा काढला नाही. पण पुढच्या ईदला समोरून कोणी आलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं ते आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. दूध न पचणं वेगळं आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. न पचण्यात दुधातल्या साखरेचा प्रश्न असतो. पोट फुगतं, जुलाब होतात, आणि अशा माणसाला थोडं दही बहुधा चालतं. ॲलर्जीत मात्र शरीर दुधातल्या प्रथिनांनाच शत्रू समजतं. मग दही, साय, खवा, पनीर, लोणी सगळंच दूध. तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो. “एक चमच्याने काय होतंय” हे आपल्याकडचं प्रेमाचं वाक्य अशा मुलासाठी घातक. अनेक मुलांची ही ॲलर्जी मोठेपणी जाते, काहींची जात नाही. श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर घरगुती उपाय करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट पाकिटांची. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, पण त्यात दूध असू शकतं. पाव, टोस्ट, बिस्किटं, तयार सूप, काही तयार मसाले यांत दुधाची भुकटी असते. पाकिटावर घटकांच्या यादीजवळ ‘यात दूध आहे’ अशी सूचना असते, ती बारीक अक्षरं चष्मा लावून वाचावीत. अलीकडे एफएसएसएआयने प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेल्या, म्हणजे व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्हही काढलं आहे: हिरव्या चौकोनात इंग्रजी ‘व्ही’ आणि त्याला पान.

हा व्हीगन शब्द ऐकला की आमच्या सासूबाई “नवीन फॅडं” म्हणतात. शब्द तसा फार नवा नाही. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये व्हीगन सोसायटी काढली. गंमत अशी, की नेमक्या त्याच वेळी आमच्या नगरच्या किल्ल्यात मौलाना आझाद कैदेत होते आणि बिनदुधाचा चहा पीत होते. ‘गुबार-ए-खातिर’मधलं चहावरचं त्यांचं पत्र प्रसिद्धच आहे. मौलानांना चिनी चहा हवा, आणि त्यात दूध घालणं म्हणजे त्यांच्या मते चहाची चव मारणं. हे ऐकवल्यावर सासूबाई थोड्या नरमल्या. मौलानांच्या पुढे काय बोलणार?

यंदा ईद मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. रमजान लागतानाच ठरवलं, काकूंचं घर दस्तरखानावर आलं पाहिजे. पण आधी करून मग बोलवायचं नाही, आधी विचारायचं. एका दुपारी काकूंच्या सुनेला फोन लावला. ती आधी संकोचली, मग सविस्तर सांगितलं. काजू चालतात, नारळ चालतो, तीळ चालतात, शेंगदाणा चालतो. हे विचारणं फार गरजेचं आहे, कारण दुधाच्या जागी आपण जे घालतो ते काजू-तीळ हेसुद्धा काहींना चालत नाहीत. शेवटी ती दबक्या आवाजात म्हणाली, “भाभी, राग मानू नका, पण पातेलं आणि डाव मी आमचाच पाठवू का?”

खरं सांगायचं तर राग आला. सासूबाई तर म्हणाल्या, आमची भांडी बाटली का? पण विचार केला, की आमच्या प्रत्येक डावाने कधी ना कधी कुर्मा ढवळलेला आहे, आणि लाकडी उलथन्याच्या भेगेत काय राहिलं असेल ते आम्ही तरी कुठे सांगू शकतो? पातेलं आलं. झाकणासकट.

आता पदार्थ. परदेशात सणाला भाज्यांचे थर पांढऱ्या घट्ट रश्शात घालून भट्टीत भाजतात, त्याला कॅसरोल म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ही दम भाजीच. मुख्य भाजी आम्ही दुधी घेतला. नावात दूध, आत एक थेंब नाही. शिवाय दुधी ही अल्लाहच्या रसूलांची, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, आवडती भाजी. एका शिंप्याने जेवायला बोलावलं असता ताटातून दुधीचे तुकडे ते शोधून खात होते, तेव्हापासून आपल्यालाही दुधी आवडू लागला, असं हजरत अनस सांगतात. आमच्या घरातली पोरं दुधी पाहून तोंड फिरवतात, त्यांना ही हदीस अधूनमधून ऐकवावी लागते.

आठ-दहा जणांसाठी अर्धा किलो कोवळा दुधी, तीन कच्ची केळी, पाव किलो फरसबी, पाव किलो लाल भोपळा आणि वाटीभर मटार. मार्चमध्ये मटाराचा हंगाम उतरतो, महाग असेल तर सोडून द्या. (ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०३० मध्ये ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला येईल, तेव्हा मटार, फ्लॉवर, गाजर भरपूर.) पांढऱ्या रश्शासाठी पन्नास ग्रॅम काजू, तेवढीच मगज बी, चमचाभर खसखस, दोन कांदे, एक मोठा नारळ.

पहिला प्रयोग इफ्तारसाठी केला आणि तो पार फसला. दुधीने पाणी सोडलं, नारळाचं दूध फाटलं, काजू दाताखाली कचकच लागले. घरच्यांनी गुपचूप खाल्लं, रोजा सोडताना कोण तक्रार करणार? त्यातून शिकलो ते असं. काजू, मगज, खसखस कढत पाण्यात निदान पाऊण तास भिजवायचे आणि मिक्सर थांबवून थांबवून, बोटाला रवाळ लागेनासं होईपर्यंत वाटायचे. दुधीच्या बोटभर जाड चकत्यांना मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायच्या, सुटलेलं पाणी फडक्याने टिपायचं आणि मोठ्या आचेवर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत परतायच्या. केळ्याच्या चकत्याही तशाच. फरसबी आणि मटार उकळत्या पाण्यात चार मिनिटं ठेवून निथळायचे. भोपळा वाफवून घोटायचा, त्यात मीठ, हिरवी मिरची आणि चिमूटभर सुंठ.

नारळ खवून वाटीभर गरम पाण्यात वाटला आणि फडक्यातून पिळला की पहिलं घट्ट दूध निघतं. त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून दुसरं पातळ दूध काढायचं. कांदे तळायचे नाहीत, रंग जातो, उकडून वाटायचे. तीन-चार चमचे तेलात तमालपत्र, दालचिनी, चार लवंगा, चार वेलदोडे, शहाजिरे, मग कांद्याचं वाटण, आलं-लसूण. कच्चा वास गेला की काजूचं वाटण मंद आचेवर परतायचं. हात थांबवलात तर तळाला लागलंच. मग पातळ दूध घालून आठ-दहा मिनिटं उकळू द्यायचं, दोन चमचे तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावायचं, पांढरी मिरी आणि मीठ घालायचं. घट्ट दूध मात्र गॅस बंद केल्यावरच. ते उकळलं की फाटतं, आमचं पहिल्यांदा तिथेच चुकलं होतं. रोज्यात चव घेता येत नाही म्हणून मीठ सगळं मिळून दोन सपाट चहाचे चमचे असं ठरवून टाकलं. दुधीचं मीठ त्यातलंच.

थर लावताना तळाला दुधी, वर रस्सा, मग केळी, भोपळ्याचा थर, फरसबी-मटार आणि उरलेला रस्सा. सगळ्यात वर पावाचा चुरा घालतात, पण पावाची खात्री नाही. आम्ही आदल्या दिवशीची ज्वारीची भाकरी कडक वाळवून भरड कुटली, त्यात दोन चमचे तीळ, थोडं शेंगदाण्याचं कूट, चमचाभर तेल. नगरी माणसाला पावापेक्षा हेच रुचतं. ओव्हन असेल तर १८० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं. आमच्याकडे ओव्हन नाही. तव्यावर पातेलं, झाकणाच्या कडेला कणीक, मंद आच, वीस-पंचवीस मिनिटं. अशा दमावर चुरा खमंग होत नाही, मऊ पडतो. म्हणून तो कढईत वेगळा भाजून वाढताना वर घालायचा. काहीजणी ताटं बेकरीच्या भट्टीत देतात, पण तिथे नानखटाईचं तूप सगळीकडे असतं. अशा पाहुण्यासाठी ते नकोच.

नगरमध्ये जैन शेजारी पुष्कळ. त्यांच्यासाठी करायचं तर कांदा, लसूण आणि आलं काढा. सुंठ बहुतेकांना चालते. बटाटा, गाजर यात नाहीतच. आणि जेवण दुपारचं ठेवा, सूर्यास्तानंतर अनेकजण जेवत नाहीत. माळकऱ्यांकडे एकादशी पाहावी लागते. रमजान ईद चंद्रदर्शनानंतर लगेच येत असल्याने तिची एकादशीशी गाठ पडत नाही. बकरी ईद चांदाच्या दहाव्या दिवशी, म्हणून ती एकादशीच्या आसपास येते. २०२३ मध्ये २९ जूनला बकरी ईद आणि आषाढी एकाच दिवशी आल्या, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करता पुढे ढकलली.

ईदच्या दिवशी साडेबाराला काकू, सून आणि नातू आले. पातेलं त्यांच्यासमोरच उघडलं, कणकेची कड सुनेनेच सुरीने काढली. तिने आधी स्वतः घास घेतला, मग एकेक जिन्नस पुन्हा विचारला. आम्ही एकेक सांगितला. तेलाची पिशवीसुद्धा आणून दाखवली. मग पोराला वाढलं. त्या अर्ध्या तासात आमच्यातलं कोणी धड बोललं नाही, सासूबाई तर तसबीह घेऊन बसल्या होत्या. पोराने भाजी अर्धी ठेवली आणि वरचा भाकरीचा चुरा तीनदा मागून घेतला. काकूंनी दुधीच्या दोन चकत्या जास्त घेतल्या आणि म्हणाल्या, मीठ जरा कमी आहे.

संध्याकाळी पातेलं घासून परत द्यायला गेलो तर काकूंनी ते घेतलं नाही. “राहू द्या तिकडेच, पुढच्या ईदला परत कुठे आणायचं,” म्हणाल्या. त्यावर आता सासूबाईंनी लाल दोरा बांधून ते वरच्या फळीवर ठेवलं आहे, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असा हुकूम आहे.