धडा वाचला, पण कळला का?

सातवीतला मुलगा विज्ञानाचा उतारा घडाघडा वाचतो. ‘यात काय सांगितलंय?’ म्हटलं की गप्प. अशाच मुलांसोबत काम करून अ‍ॅनमरी पॅलिंस्कार आणि अ‍ॅन ब्राउन या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८४ मध्ये एक पद्धत मांडली. छोटा गट एकेक परिच्छेद वाचतो आणि चार कामं करतो: प्रश्न काढणं, अडलेलं सोडवणं, सारांश सांगणं, पुढचा अंदाज बांधणं. आधी शिक्षक करून दाखवतात. मग मुलं आळीपाळीने शिक्षक होतात.

बाष्पीभवनाचा धडा घ्या. ‘ओले कपडे वाऱ्यात लवकर का वाळतात?’ हा प्रश्न मुलंच काढतात, ‘आर्द्रता’पाशी अडतात, मागचा परिच्छेद पुन्हा चाळतात. तास संपताना उत्तर दोन-तीन वाक्यांत वहीत उतरतं.

गणितातही वाचनच आडवं येतं.

‘रमाकडे सीमापेक्षा ५ गोट्या जास्त आहेत. रमाकडे १२, तर सीमाकडे किती?’ ‘जास्त’ दिसताच अनेक मुलं बेरीज करून १७ लिहितात. आकडेमोडीआधी ‘कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी’ हे एका वाक्यात लिहायला लावलं, तर घोळ बेरजेचा नसून वाचनाचा आहे, हे शिक्षकाला तिथल्या तिथे दिसतं.